‘व्हीएआर काढून टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

व्हीएआर म्हणजे पडद्यावर रिप्ले बघून मैदानातल्या पंचाला मदत करणारा व्हिडिओ साहाय्यक पंच. त्याच्यामुळे एखादा गोल रद्द झाला की त्या रात्री तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: “व्हीएआरने फुटबॉलचा जीव घेतला. आता निर्णय मशीन देतं आणि तरीही चुका होतातच. फायदा मोठ्या संघांचा होतो. खेळ सारखा थांबतो. पूर्वीही पंच चुकायचे, पण हंगामाअखेर सगळ्यांचा हिशोब सारखाच व्हायचा. काढून टाका हे.” त्यामागचा राग मला समजतो. पण यातली बहुतेक विधानं टिकणारी नाहीत, आणि व्हीएआरबद्दलची जी तक्रार सगळ्यात खरी आहे ती या मजकुरात कुठेच नाही.

मशीन निर्णय देतं हे पहिलं विधानच चुकीचं आहे. पडद्यासमोर बसलेला व्हिडिओ पंच हा पंचच असतो, माणूसच असतो. 2018 साली खेळाच्या नियमांत व्हीएआर आलं तेव्हा त्याला चारच दारं उघडी ठेवली गेली: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. तिथेही चूक ढळढळीत असेल किंवा मोठी घटना नजरेतून सुटली असेल तरच तो बोलू शकतो, आणि शेवटचा शब्द मैदानातल्या पंचाचाच राहतो. 2018 च्या विश्वचषकाची अंतिम लढत आठवा. कॉर्नरवरून आलेला चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला. नेस्टर पिताना नावाचे पंच मैदानाकडेच्या पडद्याजवळ गेले, पाहून निघाले, पुन्हा मागे वळले, परत पाहिलं आणि मग पेनल्टी दिली. तो निर्णय पटो न पटो, तो एका माणसाने विचार करून घेतलेला होता. ज्यांना तो हँडबॉल वाटत नाही त्यांचं भांडण हँडबॉलच्या नियमाशी आहे. कॅमेरे काढले तरी तो नियम तसाच राहणार.

आता “तरीही चुका होतातच”. होतात, आणि त्यातली सगळ्यात वाईट चूक नीट बघण्यासारखी आहे. 30 सप्टेंबर 2023, इंग्लंडची प्रीमियर लीग, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियासने गोल केला आणि साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा, म्हणजे पास निघाला तेव्हा खेळाडू बचावफळीच्या पुढे होता असा, झेंडा वर केला. व्हिडिओ पंचांनी तपासलं, रेषा आखल्या, खेळाडू ऑनसाइड दिसला. तंत्रज्ञानाचं काम इथे चोख झालं होतं. पण मैदानात गोल दिलेला आहे असा त्यांचा समज झाला होता, म्हणून ते फक्त “तपासणी पूर्ण” एवढंच म्हणाले. मैदानातल्या पंचांनी त्याचा अर्थ ऑफसाइड कायम असा घेतला आणि खेळ सुरू झाला. काही क्षणांत रिप्ले चालवणाऱ्या माणसाच्या लक्षात घोटाळा आला, त्याने तो बोलूनही दाखवला. पण खेळ सुरू झाल्यावर मागे जाता येत नाही या नियमावर बोट ठेवून व्हिडिओ पंच थांबले. लिव्हरपूल 2-1 ने हरलं. हे संभाषण नंतर जाहीर झालं म्हणूनच चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. “गोल दिला होता की नाही?” एवढा एक प्रश्न विचारायची शिस्त असती तर तो गोल वाचला असता. कॅमेरा बंद केल्याने ही शिस्त येत नाही.

एकूण चित्राबद्दल प्रीमियर लीगने 2024 साली आकडे दिले: व्हीएआरपूर्वी महत्त्वाच्या निर्णयांपैकी 82 टक्के बरोबर असायचे, नंतर 96 टक्के. आकडे लीगचे स्वतःचे आहेत, तेव्हा ते थोडे हात राखून घ्या. तरी मधली दरी लहान नाही.

ऑफसाइडच्या बाबतीत मात्र टीकाकारांचा एक मुद्दा वजनदार होता. सेकंदाला 50 चित्रं टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये 0.02 सेकंद जातात, आणि सेकंदाला 8 मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात 16 सेंटिमीटर पुढे सरकतो. अशा चित्रावर बोटभर ऑफसाइड ठरवणं म्हणजे नसलेल्या अचूकतेचा दावा करणं होतं. 2022 च्या विश्वचषकात म्हणूनच चेंडूत सेन्सर बसवला गेला. तो सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता, त्यामुळे पास कोणत्या क्षणी निघाला हे अंदाजावर राहिलं नाही. टीका रास्त होती आणि तिच्यामुळे सुधारणा झाली.

मोठ्या संघांचा फायदा? 2018 मध्ये गतविजेत्या जर्मनीविरुद्ध दक्षिण कोरियाच्या किम यंग-ग्वोनचा गोल आधी ऑफसाइड ठरला होता. व्हीएआरने तो परत दिला आणि जर्मनी गटातच बाद झाली. 2019 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, मँचेस्टर सिटीचा स्टर्लिंगने भरपाई वेळेत केलेला गोल रद्द झाला आणि सिटी बाहेर पडली. दोन उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही हे मान्य. पण उलटा दावा करणारेही एखाददुसऱ्या सामन्यावरच बोलत असतात.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो “हिशोब सारखा व्हायचा” हा मुद्दा. कुणाचा सारखा झाला? नोव्हेंबर 2009 मध्ये आयर्लंडविरुद्धच्या पात्रता सामन्यात फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू आवरला, गालासने गोल केला, फ्रान्स विश्वचषकाला गेला आणि आयर्लंड घरी राहिलं. 2010 च्या विश्वचषकात इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगलाच आत पडला होता, पण गोल मिळाला नाही. जून 2024 मध्ये दोहात विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध 1-0 ने पुढे होता. चेंडू रेषेबाहेर गेला होता, तो आत ओढून कतारने बरोबरी साधली, आणि भारताची पात्रता फेरी तिथेच संपली. त्या सामन्यात व्हीएआर नव्हतं. बाद फेरीला किंवा पात्रतेच्या शेवटच्या सामन्याला पुढचा हंगाम नसतो. ज्या खेळाडूंना ती संधी पुन्हा मिळालीच नाही त्यांना फिट्टंफाटीची भाषा ऐकवणं क्रूरपणाचं आहे.

वेळ वाया जातो हे काही वेळा अगदी खरं असतं. मार्च 2025 मध्ये इंग्लंडच्या एफए कपमध्ये बोर्नमथ आणि वुल्व्हज या क्लबांच्या सामन्यात एका गोलाची तपासणी जवळपास 8 मिनिटं चालली. हे असह्य आहे. ज्या गोष्टीचा निकाल लावायला इतका वेळ लागतो ती चूक ढळढळीत नसते, मग अशा वेळी तपासणी सोडून मूळ निर्णय कायम ठेवायला हवा.

आणि आता ती राहून गेलेली तक्रार. तिकीट काढून स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाला काय तपासलं जातंय, का तपासलं जातंय, हे बराच काळ कुणी सांगतच नव्हतं. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला रिप्ले दिसतो आणि पैसे मोजून आलेला प्रेक्षक अंधारात. स्वीडनमध्ये व्हीएआर आलंच नाही, त्यामागे तिथल्या क्लबांच्या सभासद-चाहत्यांचा विरोध होता, आणि गोल झाल्याचा आनंद रोखून धरावा लागणं हे त्यांचं मोठं कारण होतं. हा आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला आकड्यांनी उत्तर देता येत नाही. 2023 च्या महिला विश्वचषकात पंचांनी आपला निर्णय माइकवरून अख्ख्या स्टेडियमला ऐकवला. तेवढ्यावर थांबू नये. रिप्ले स्टेडियममधल्या पडद्यावर दाखवा, आणि पंचांमधलं संभाषण रग्बीत ऐकवतात तसं सामना चालू असतानाच ऐकू द्या. 2024 मध्ये वुल्व्हजने व्हीएआर काढायचा ठराव मांडला तेव्हा प्रीमियर लीगच्या 20 पैकी 19 क्लबांनी विरोधात मत दिलं. त्याच क्लबांनी आता ते संभाषण खुलं करण्यासाठीही मत द्यावं.