फवारणीचे विष, स्तनातली गाठ आणि 21 दिवसांचा काढा

सध्या आमच्याकडे गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत आहे. फवारलेला भाजीपाला व तूरडाळ खाल्ल्यानेच बायकांना स्तनाचा कॅन्सर होतो, घट्ट अंतर्वस्त्रांमुळे तो वाढतो, 21 दिवस काढा घेतला की विष निघून गाठ विरघळते, आणि गाठीला सुई लावू देऊ नये, कारण सुई लागताच कॅन्सर अंगभर पसरतो, असा त्याचा मजकूर आहे. डाव्या स्तनात गाठ असलेल्या माझ्या काकूंनी तो वाचला आणि ठरलेली तपासणी पुढे ढकलली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत घातक मुद्दा सुईचा. सुईच्या वाटेत काही पेशी सरकल्याचे क्वचित आढळते, एवढे मान्य. परंतु त्यामुळे आजार शरीरभर पसरतो किंवा आयुष्य घटते, असे दिसून आलेले नाही. आपल्याकडे बाई घरचे सगळे आटोपून, वेचणीचा हंगाम उरकून दवाखान्यात पोहोचते तोवर आजार बहुधा पुढे गेलेला असतो, आणि मग दोष सुईच्या माथी येतो. वास्तविक बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, आणि हे खात्रीने सांगायचे तर संशयास्पद गाठीचा तुकडा सुईने काढून तपासावाच लागतो. कॅन्सर निघाला, तरी त्याला हार्मोनच्या गोळ्या लागू पडतील की नाही, हे त्याच तुकड्यावरून कळते. काढ्याने गाठ विरघळत नाही. डीडीटी या कीटकनाशकासारखी रसायने तर चरबीत वर्षानुवर्षे साठून राहतात. ती 21 दिवसांत कोणत्या वाटेने बाहेर पडतात, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

संदेशात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. कॅलिफोर्नियात 1959 ते 1967 दरम्यान घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरील अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांचा डीडीटीशी संबंध वयाच्या 14 वर्षांआधी आला होता, त्यांच्यात रक्तातील प्रमाण जास्त असणाऱ्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. त्याहून मोठ्या वयात संबंध आलेल्यांत तसे दिसले नाही. म्हणजे प्रश्न कोवळ्या वयातील संपर्काचा आहे. मलेरियाच्या फवारणीनंतर गोठ्याच्या भिंतींवर उमटलेले पांढरे ओघळ ज्यांना आठवतात, त्यांना हा संपर्क कसा घडतो हे समजावून सांगायला नको. भारतात शेतीसाठी डीडीटीवर 1989 मध्ये बंदी आली. तरीही पंपात ओतायचे औषध मुलींच्या हाती देणे, फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळणे आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात पाणी भरणे अजून चालूच आहे. त्याबद्दल संदेशात अक्षरही नाही. त्याचा सगळा रोख ताटातल्या भाजीवर आहे. भाजी धुवून खावी, पण तिच्यामुळेच हा आजार होतो असे म्हणायला आधार नाही.

यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणी करताना शेतकरी व मजूर दगावले, त्याचे छायाचित्रही संदेशाला पुरावा म्हणून जोडले आहे. ती त्वचेतून आणि श्वासातून झालेली तीव्र विषबाधा होती. तिच्यावरून स्तनाच्या कॅन्सरचा निष्कर्ष काढता येत नाही. अंतर्वस्त्रांचा मुद्दा निव्वळ निराधार. पाळी गेल्यानंतर वाढणारे वजन आणि दारू यांचा या कॅन्सरशी असलेला संबंध मात्र अनेक अभ्यासांतून पक्का झालेला आहे, आणि नेमके तेच या लांबलचक संदेशात कुठेही आलेले नाही.