एक तारखेचा वायदा

१ तारखेला घरी तीन गोष्टी येतात असा माझा समज होता: पगार, दूधवाल्याचं बिल आणि मराठी विकिपीडियाचा डंप. पैकी बिल खरंच येतं.

डंप म्हणजे कचरा नव्हे. (हे आईला तीनदा सांगून झालंय.) अख्ख्या विकिपीडियाचा मजकूर गठ्ठ्यात बांधून विकिमीडियावाले कुणालाही फुकट देतात, बांधाबांध महिन्यातून दोनदा, १ आणि २० तारखेला. मला त्यातून शब्द वेचून शुद्धलेखन तपासणारा छोटासा प्रोग्राम करायचा होता. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की गावच्या लेखात मी एक ओळ घातली होती आणि ती गठ्ठ्यात गेलेली डोळ्यांनी बघायची होती.

फ्रिजवरच्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉन लावला. क्रॉन हा ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा गडी. त्याला हुकूम द्यायचा तो पाच खान्यांत: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मला हवा होता महिन्याचा पहिला रविवार. तारखेत लिहिलं १ ते ७, वारात रविवार. १ ते ७ मध्ये रविवार एकच येतो हे शेंबड्या पोरालाही कळतं. क्रॉनला नाही. दोन्ही खाने भरले की तो ‘आणि’ वाचत नाही, ‘किंवा’ वाचतो. पहिले सात दिवस रोज, शिवाय दर रविवारी. एकदा आणायचा गठ्ठा पठ्ठ्याने अकरा वेळा आणला, तोही ऐन मालिकेच्या वेळी.

“अरे, तिकडे सूनबाईचं बिंग फुटतंय,” आई ओरडली, “आणि इथे नुसतं चाक फिरतंय! थांबव तुझा तो कचरा!”

मग साधा हिशोब केला: १ तारीख, पहाटे ३. गठ्ठा आला, माझी ओळ नाही. नीट पाहिलं तेव्हा कळलं, १ तारखेला डंप सुरू होतो. सुटणं वेगळं, पोहोचणं वेगळं, हे जन्मभर एसटीने हिंडलेल्या माणसाला खरं तर सांगावं लागू नये. एकट्या इंग्रजी विकिपीडियाचे नुसते चालू लेख दाबून-दाबून भरले तरी २० जीबीच्या वर जातात. सगळ्या भाषांचं उरकायला दिवस लागतात. तोवर ‘लेटेस्ट’ नावाच्या फोल्डरात आधीचंच पूर्ण झालेलं असतं. म्हणजे मी पहाटे उठून २० तारखेचं शिळं आणत होतो.

क्रॉन १० तारखेवर नेला. ताजा गठ्ठा आला. ओळ नाहीच.

शेवटी संपूर्ण इतिहासाचा गठ्ठा उतरवला. तो फक्त १ तारखेच्या फेरीत निघतो आणि त्यात लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती असते. तिथे सापडली: ‘गावची जत्रा पंचक्रोशीत प्रसीद्ध आहे.’ खाली दोन तासांनी कुणीतरी ती उडवलेली, शेरा: ‘संदर्भ नाही. शुद्धलेखनही पाहावे.’

माझा क्रॉन मी बंद केलाय. तिकडे मात्र दर १ तारखेला इतिहास पहिल्यापासून पुन्हा बांधायला घेतात, शेऱ्यासकट.