टक् की फट्?

परवा पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका दुकानात, सात-आठ माणसांच्या देखत, मला तोंडानं 'टक्' असा आवाज काढून दाखवावा लागला. एकदा नाही, तीनदा. मी त्रेपन्न वर्षांचा आहे. लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरून पोट भरतो. माझी पोरं लहान असतानाही मी त्यांना कधी वाघाचा आवाज काढून दाखवलेला नाही.

झालं होतं एवढंच. जानेवारीची १८ तारीख, सकाळचे साडेसात. कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आतल्या पंख्यानं अर्धा वळसा घेतला, टक् झालं आणि सगळं थंड. २० तारखेला थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची मुदत, नऊ पार्ट्या बाकी. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती पार्टी भरत नाही, माझ्या फीतून कापून घेते.

घरच्या घरी जेवढं करता येतं तेवढं केलं. मॉनिटरची पॉवर केबल आणि कॉम्प्युटरची केबल सारखीच असते, म्हणून अदलाबदल करून पाहिली. मग रॅम काढून खोडरबरानं घासली. रॅम खोडरबरानं घासणं हा आपल्याकडचा तापाला गार पाण्याच्या पट्ट्यांसारखा उपाय आहे. गुण आला नाही तरी घरातल्यांना काहीतरी चाललंय असं वाटतं. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, दुसरा एसएमपीएस लावून बघ." एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा; जणू माझ्या घरात कपाटात दुसरा घडी करून ठेवलेला असतो. मदरबोर्डवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला होता. त्यामुळे बायकोचं मत पडलं की लाइट आहे, तूच काहीतरी चुकीचं दाबतोयस.

तो दिवा ही एक फसवणूकच आहे. पूर्वीच्या कॉम्प्युटरला खटका असायचा. दाबला की वीज आत, पुन्हा दाबला की बाहेर. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स नावाची नवी रचना आणली आणि त्या खटक्याचा अर्ज झाला. आता आपण बटण दाबतो म्हणजे मदरबोर्डाकडे विनंती करतो. मदरबोर्ड हिरव्या वायरीवरून ती एसएमपीएसकडे पाठवतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो, सगळं ठीक असेल तर करड्या वायरीवरून ना हरकत देतो, आणि मग कुठे गाडी सुटते. तोवर जांभळ्या वायरीवर पाच व्होल्ट अखंड चालू असतात, ते फक्त अर्ज घेणाऱ्या खिडकीपुरते. हिरवा दिवा त्याच खिडकीचा. खिडकी उघडी आहे, आत साहेब जागेवर नाहीत. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग दुरुस्तीला टाक ना."

चार स्क्रू काढून एसएमपीएस सोडवला, स्कूटरच्या डिकीत टाकला आणि दुपारच्या उन्हात तपकीर गल्ली गाठली. गाडी लावायला पंचवीस मिनिटं लागली, आणि लावली तिथून ती उचलून नेणार नाहीत याची खात्री नव्हतीच. दुकान म्हणजे आठ बाय दहाची बोळकांडी. काउंटरमागे मालक, एक चुणचुणीत पोरगा, आणि काउंटरच्या अलीकडे एकच स्टूल. त्या स्टुलावर ते बसले होते.

वय सत्तरीच्या आसपास. अर्ध्या बाह्यांचा मरून स्वेटर, कानाला मफलर, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं मिक्सरचं भांडं. मिक्सर आत दुरुस्तीला होता आणि हे बाळंतपणाला आलेल्या नातेवाइकासारखे बाहेर बसून होते. मी पोराला म्हटलं, "एसएमपीएस गेलाय, बघतोस का?" पोरगा हात पुढे करायच्या आत स्टुलावरून प्रश्न आला.

"गेला तेव्हा आवाज कसा आला?"

मी म्हटलं, "आला थोडासा."

"थोडासा नव्हे. कसा? टक् आला की फट् आला?"

मी मालकाकडे पाहिलं. मालक एका रिमोटमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला ह्याची सवय असावी.

"टक् असा काहीतरी."

"काहीतरी कसं चालेल? काढून दाखवा."

आता इथे मी नाही म्हणायला हवं होतं. पण समोरचा माणूस वयानं मोठा, आवाजात अधिकार, आणि आपल्याला लहानपणापासून सवय की मोठ्यांनी पाढे म्हण म्हटलं की म्हणायचे. मी म्हणालो, "टक्."

त्यांनी डोळे मिटले. "पुन्हा."

"टक्."

"हे तुमचं टाळूचं आहे. जीभ दातांना लावून काढा. तिथे फरक कळतो."

मागे इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या एक बाई हसल्या. मी जीभ दातांना लावून तिसऱ्यांदा टक् केलं. गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या दुकानाला उद्देशून सांगायला सुरुवात केली. "हे बघा, वस्तू बोलते. टक् म्हणजे नुसता खटका. त्याला काही होत नाही. चट् म्हणजे ठिणगी. फट् म्हणजे कपॅसिटर फुटला. आणि धप् म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पण तो रस्त्यावरचा. मी तेहतीस वर्षं काढलीत."

"माझ्या इस्त्रीचा चट् झाला होता," बाई म्हणाल्या.

"वायर तुटलीय. आत बघायलाच नको."

लॅपटॉपचा चार्जर घेऊन आलेल्या एका मुलानं विचारलं, "काका, आवाजच आला नाही तर?" त्यावर गृहस्थ गंभीर झाले. "ते सगळ्यात वाईट," एवढंच म्हणाले. मुलाचा चेहरा उतरला.

मग वासाची उलटतपासणी. जळका होता की करपट? करपट म्हणजे दुधासारखा की डाळीसारखा? उग्र होता का? माशाचा येतो कधीकधी, तसा होता का? मी शाकाहारी असल्याचं सांगून पाहिलं. "वास घ्यायला खावं लागत नाही," ते म्हणाले, आणि माझा एसएमपीएस उचलून नाकाला लावला. नुसता लावलाच नाही, चांगला दीर्घ श्वास घेतला. मग खिशातून रुपयाचं नाणं काढून त्याचे स्क्रू फिरवायला लागले. पोरानं झडप घालून तो काढून घेतला. "आजोबा, प्लग काढला तरी आत सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असू शकतात." तेव्हा कुठे नाणं खिशात गेलं. पण निकाल जाहीर झालाच. "टक् आहे, वासही नाही. ह्याला काहीही झालेलं नाही."

पोरानं चोवीस पिनांचा रुंद प्लग हातात घेतला, एक यू-पिन सरळ करून हिरवी आणि काळी वायर जोडली आणि पाठीमागचं बटण दाबलं.

पंखा फिरला. गरागरा, निर्लज्जपणे फिरला.

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. गृहस्थांनी दोन्ही तळवे वर केले, जणू काही मी त्यांना विनाकारण दगदग दिली. पोरगा म्हणाला, "चालू आहे काका. मागचं बटण बंद असेल घरी." इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांचंही असंच होतं." चेकिंगचे १५० रुपये देऊन मी बाहेर पडलो. गाडी जागेवर होती, एवढीच काय ती त्या दिवसाची कमाई.

घरी जोडला. चालला! दोन पार्ट्यांचे रिटर्नही भरून झाले. जेवायला उठलो म्हणून बंद केला, रात्री पुन्हा लावायला गेलो नाही, आणि १९ तारखेला सकाळी बटण दाबलं तर अर्धा वळसा, टक्, थंड.

माझी खरी तक्रार पैशांची नाही. म्हणजे पैशांचीही आहे, पण नंतर. माझी तक्रार अशी की वस्तू माझी, सहा वर्षं रोज दहा तास मी तिच्यासमोर बसतो, आणि ती बिघडलीय हे माझं म्हणणं मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. पंख्यानं सांगितलं चालू, तर चालू. डॉक्टरकडेही हेच होतं. इथे दुखतंय म्हणावं तर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणतात, आणि आपणच खोटे पडून घरी येतो. नुसता पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस धडधाकट असं कुठे आहे? बिनओझ्याचा माणूसही जिना चढतो. गॅसचं सिलिंडर खांद्यावर द्या, मग बघा. हे सगळं मला आत्ता सुचतंय. तिथे मी फक्त टक् म्हणालो होतो.

या खेपेला सबंध कॅबिनेटच स्कूटरच्या पायापाशी ठेवून, गुडघे फाकवून, थंडीत कुडकुडत दुकान उघडायच्या वेळी हजर झालो. शटर अर्धं वर होतं. स्टुलावर ते होतेच. मिक्सरला 'एक पार्ट' यायचा होता म्हणे.

"काय हो, टक्?" त्यांनी मला हाक मारली. माझं नावच पडलं होतं.

आज पोरगा आलेला नव्हता, म्हणून मालकानं स्वतः रिमोट बाजूला ठेवला. बटण दाबलं. अर्धा वळसा, टक्. सगळ्यांनी ऐकलं. मला इतका आनंद झाला की पेढे वाटावेसे वाटले. तीन-चार खेपा चालू-बंद केल्यावर तो कसाबसा सुरू झाला, तेव्हा मालकानं मल्टिमीटरची काळी सुई काळ्या वायरीला आणि लाल सुई पिवळ्या वायरीला लावली. तिथे १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे चालतात, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. काटा नव्हता, आकडे होते, आणि ते १०.६ वर घुटमळत होते.

"काल डिकीतून आणला होता का?" मालकानं विचारलं.

"हो."

"उन्हातून? मग बरोबर. इंजिनाच्या आणि उन्हाच्या उबेनं शेकला. यातले कपॅसिटर सुकत आलेत. आतला द्रव सुकला की थंडीत आखडतात, गरम झाले की चालतात."

म्हणजे माझ्या गुडघ्याचं जे आहे तेच. मीही सकाळी पहिल्या जिन्याला टक् करतो. मालकानं पत्र्याच्या जाळीतून टॉर्च मारून दाखवलं. नाण्यांच्या चळतीसारखे उभे असलेले सहा-सात छोटे डबे, तेच कपॅसिटर. त्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते. बाकीच्यांची डोकी सपाट होती, दोघांची मात्र पुरीसारखी टम्म, आणि एकाच्या फुलीतून तपकिरी चिकट काहीतरी येऊन वाळलेलं. मी गृहस्थांकडे पाहिलं. निदान आज तरी.

"म्हणजे फट्," ते म्हणाले. "तुम्ही काल टक् सांगितलंत म्हणून घोटाळा झाला. साक्षीदारच चुकीचा म्हटल्यावर काय करणार?"

वर त्यांनी विचारलं, "घरी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात?" येतात. कित्येक वर्षं येतात. "अर्थिंग नाही तुमच्याकडे." आणि इथे मला फार वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. आमच्या इमारतीत प्रत्येक सॉकेटला तिसरं भोक आहे आणि त्यामागे काहीही नाही. बिल्डरनं ते शोभेला दिलंय. सोसायटीच्या सभेत मी हा विषय दोनदा काढला. दोन्ही वेळा चेअरमन म्हणाले, "आजवर कुणाला काही झालंय का?" आणि पुढचा विषय गेटच्या कमानीला कुठला रंग द्यायचा हा होता. त्यावर दीड तास चर्चा झाली. बदामी ठरला.

मालकानं दोन नवे एसएमपीएस काउंटरवर ठेवले. दोन्हींवर ४५० वॉट लिहिलेलं. एक साडेसातशेचा, दुसरा अठ्ठावीसशेचा. हातात घेऊन नारळ पारखावा तसे पारखले. स्वस्तातला रिकाम्या डब्यासारखा हलका. "लिहायला शाई लागते, तांबं लागत नाही," मालक म्हणाला. मी अठ्ठावीसशेचा घेतला.

"बिल घालायचं का? घातलं तर अठरा टक्के चढतील."

हे मला विचारलं. महिन्याच्या वीस तारखेच्या आदल्या दिवशी, मला. मी खिशातून माझा जीएसटी नंबर काढून दिला. ३,३०४ रुपये झाले. त्यातले ५०४ मी क्रेडिटला घेणार आहे, शेवटचा पैसा घेणार आहे. "कालचे दीडशे वजा करा," मी म्हटलं. मालकाला खरोखरच आश्चर्य वाटलं. "ते चेकिंगचे होते. चेक केलं होतं ना काल?"

निघताना मी त्या गृहस्थांना न राहवून विचारलं, "तेहतीस वर्षं आपण कुठे होतात? वीज मंडळात?"

"छे, पाणीपुरवठ्यात. बिलं."

घरी येऊन जोडाजोड केली. चोवीस पिनांचा प्लग लावला आणि प्रोसेसरजवळचा चार पिनांचा विसरलो. पंखे फिरले, पडदा काळा. पाऊण तास पुन्हा रॅम घासत बसलो. ते असो. उरलेल्या सात पार्ट्या १९ च्या रात्रीच संपवल्या. शेवटचं रिटर्न भरून झाल्यावर बायको तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन आली. संक्रांतीचे शेवटचे तीन उरले होते.

"हे लाडू वळत होते ना, तेव्हा ह्या खोलीतून फट् असा आवाज आला होता. मी तुला सांगितलं पण. तू म्हणालास, वरच्यांकडे काहीतरी पडलं असेल."

मी लाडू तोंडात घातला, म्हणजे काही बोलावं लागणार नाही.

"तो हाच का रे?"

त्या गल्लीत आता कशासाठीही जाणं झालं तर मी पासोड्या विठोबाच्या बाजूनं, लांबून वळसा घालून जाणार आहे. मिक्सर अजून झाला नसेल.