भुताला घालवायचं कशाला?

मे महिन्यात आठ दिवस गावी होतो, वेंगुर्ल्याच्या बाजूला. दिवसभर आंबे आणि समुद्र. रात्री जेवणं झाली की आठ वर्षांच्या लेकीचा एकच धोशा, "बाबा, भुताचा पिक्चर लाव." आमच्याकडे संडास अजून मागच्या दारी, माडांच्या पलीकडे. खरोखरचं भीतीदायक काही लावलं तर रात्री दोनला बॅटरी घेऊन तिच्यासोबत कोण जाणार? म्हणून 'भूतनाथ' लावला. २००८ चा. अमिताभ, जुही चावला आणि तो बंकू. मी तो तेव्हा ठाण्यात थिएटरला बघितला होता आणि 'पोराटोरांचा आहे, बरा आहे' म्हणून विसरूनही गेलो होतो.

या वेळी विसरता आला नाही, कारण शेजारी आरामखुर्चीत आबा, म्हणजे माझे वडील, होते. आई गेल्यापासून आबा या घरात एकटे राहतात. घर मोठं, ओटी, पडवी, माजघर, पुढे खळं. माणसं एक.

गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. गोव्यातला एक बंगला, नाथ व्हिला. बाप बोटीवर नोकरीला, सतत बाहेर, म्हणून आई आणि मुलगा दोघंच तिथे राहायला येतात. बंगल्यात आधीपासून एक म्हातारा आहे, कैलाशनाथ, तो मेलेला आहे आणि घरात कुणी राहिलेलं त्याला खपत नाही. तो फक्त बंकूला दिसतो. आईने पोराला सांगून ठेवलंय की भूतबीत काही नसतं, असतात ते फरिश्ते. त्यामुळे भूत समोर उभं राहून डोळे वटारतंय आणि पोरगा त्याला फरिश्ता समजून उलट प्रश्न विचारतोय. लेक हसून हसून आडवी. मला अमिताभ या सिनेमात सगळ्यात जास्त आवडतो तो इथेच, म्हणजे घाबरवायला निघालेला आणि जमत नाही म्हणून खट्टू झालेला म्हातारा. त्या अपमानात खरी गंमत आहे. शाळेतला सतीश शहांचा मुख्याध्यापक, जो पोरांचे डबे खातो, तोही भारी. आबांना तो फार पटला. त्यांच्या शाळेत असा एक मास्तर होता म्हणे.

मूळ कल्पना ऑस्कर वाइल्डच्या १८८७ च्या एका गोष्टीतली. तिथे इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यात एक अमेरिकन कुटुंब येतं, आणि भुताच्या साखळ्या रात्री करकरतात म्हणून घाबरण्याऐवजी त्याला साखळ्यांना लावायला तेल देतं. शेवटी एका मुलीच्या दयेमुळे त्या भुताची सुटका होते. ही सुटका हिंदीत येताना श्राद्ध होऊन आली. माझं सगळं म्हणणं या श्राद्धाबद्दल आहे.

पण आमच्याकडे सिनेमा तिथवर पोचलाच नाही. भूत आणि पोरगा यांची दोस्ती छान जमली, आणि लाईट गेली. मे महिन्यात आमच्याकडे ढग नुसता गुरगुरला तरी जाते. लेकीने रडका सूर लावला, "पुढे काय होतं सांगा." मी आपलं सांगायला लागलो की मग त्या आजोबांचा मुलगा येतो, सगळे मिळून पूजा करतात, आजोबांना मुक्ती मिळते आणि ते जातात.

काळोखातून आबांचा मालवणी आवाज आला. "कित्याक?" कशाला, असं.

"कित्याक म्हणजे?"

"म्हातारो कोणाक त्रास देता? झिलाचो अभ्यास घेता, घराची राखण करता. मग तेका घालवतत कित्याक? एक नारळ देवक व्हयो आणि रव म्हणान सांगाक व्हया." म्हणजे पोराचा अभ्यास घेणाऱ्या म्हाताऱ्याला घालवायचं कशाला, नारळ देऊन 'राहा' म्हणावं.

मी गप्पच झालो. या सिनेमावर मला सोळा वर्षांत जे सुचलं नव्हतं ते या माणसाने अर्धा सिनेमा बघून, त्यातही मध्ये डुलकी काढून, सांगितलं होतं.

देशावरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात भुतांची मोठी बिरादरी आहे. मुंजा, हडळ, आलवंतीण, समंध, चकवा आणि बाकीचे. पण त्यात एक आहे राखणदार, काही ठिकाणी देवचार म्हणतात. तो गावाच्या शिवेवर, वाटेवरच्या जुन्या झाडाखाली, बागेच्या कोपऱ्यात असतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि रात्री गस्त घालतो. रानात वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो असं मी लहानपणी किमान चार माणसांकडून, 'माझ्याबरोबर झालंय' अशा सुरात ऐकलंय. त्याला कुणी मंत्र घालून पळवत नाही. वर्षाला त्याची राखण देतात, नारळ ठेवतात, विडी ठेवतात, आणि गाऱ्हाणं घालून सांगतात की बाबा रे, पोराबाळांवर लक्ष ठेव. म्हणजे मैत्रीचं भूत ही आमच्याकडे सिनेमावाल्यांनी आणलेली कल्पना नाही. आमच्याकडे त्याची नेमणूक झालेली आहे.

आणि नुसता राखणदार कशाला? आमच्याच तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, आणि तोच गावाचा रक्षक. लोक त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला देतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्या झिजतात. लहानपणी मी त्या चपलांचे तळ बघायला वाकायचो आणि आई पाठीत धपाटा घालायची.

सगळ्यात मजा नावाची आहे. सिनेमात 'भूतनाथ' हे गमतीने पडलेलं नाव. पण गोव्यात भूतनाथ हा देव आहे, अगदी मानाचा. पेडण्याला कोजागरीच्या रात्री पुनव नावाची जत्रा भरते, रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात. तिथली कथा अशी सांगतात की भूतनाथाला स्वतःचं देऊळ हवं असतं, ते मिळत नाही म्हणून तो रुसून रानाकडे धावत सुटतो, आणि लोक मागे धावून 'बांधतो रे बाबा, बांधतो' अशी समजूत घालून त्याला परत आणतात. दर वर्षी. म्हणजे घरावरून रुसलेला भूतनाथ गोव्यात खराखुरा होता, त्याला गाव मनवून मागे आणत होतं, आणि गोव्यातच गोष्ट घडवणाऱ्या सिनेमाला त्याची गंधवार्ता नाही. सिनेमाला गोव्यातला बंगला हवा होता, समुद्र हवा होता, एक दारुडा अँथनी हवा होता (राजपाल यादव, तोच तो). बस.

आता उत्तरार्ध. मी नंतर एकट्याने मोबाईलवर तो पुन्हा बघितला. कैलाशनाथचा मुलगा अमेरिकेला गेला, बाप घरात एकटा, मुलाला जाताना थांबवायला धावताना जिन्यावरून पडून मेला. अमिताभ हे सगळं इतकं चांगलं करतो की मान वळवून बसावं लागतं. पण दिग्दर्शक विवेक शर्मा इथे विनोद खुंटीला टांगून ठेवतात आणि सिनेमा एकदम 'मुलांनी आईबापांना सोडू नये' या कीर्तनावर येतो. पूर्वार्ध पोरांसाठी, उत्तरार्ध पोरांच्या अपराधी बापांसाठी. दोन वेगळी तिकिटं लावायला हवी होती.

शिवाय एक गोष्ट सिनेमाच्या लक्षातच आलेली नाही. अमेरिकेला गेलेल्या मुलाला तो गुन्हेगार ठरवतो, आणि बंकूचा बाप, म्हणजे शाहरुख, कित्येक महिने बोटीवर असतो तर तो मात्र गोड. येतो, पोराला उचलतो, गाणं म्हणतो, जातो. का? कारण तो शाहरुख आहे. दोघंही घराबाहेरच होते. मी ठाण्यात राहतो, गणपतीत चार दिवस आणि मेमध्ये आठ दिवस येतो. मला शिव्या कोणत्या खात्यात पडणार, बोटवाल्याच्या की अमेरिकावाल्याच्या, हे काही सिनेमातून कळलं नाही.

आणि मग ते श्राद्ध. इतकी वर्षं घर सांभाळलेल्या, पोराशी जीव जडलेल्या म्हाताऱ्याला शेवटी मिळतं काय, तर विधीपूर्वक निरोप. मुलाचं मन मोकळं झालं, घर मोकळं झालं. श्राद्धाला माझा विरोध नाही, आमच्याकडे म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, व्यवस्थित होतो. पण घरातल्या म्हाताऱ्याचं काही करायचं म्हटलं की आपल्याला त्याची 'सोय लावणं' एवढंच का सुचतं? सिनेमालाही ते रुचलं नसावं, कारण शेवटी तो त्याला परत आणतोच आणि वर 'पुढे चालू' अशी पाटी लावतो. २०१४ साली दुसरा भाग आलाही. त्यात भूत धारावीत येऊन निवडणूक लढवतं. मला तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात रडारड कमी आणि पार्थ भालेराव आहे. या पोराचा 'किल्ला' आणि हा सिनेमा मिळून राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला होता, आणि बच्चनसमोर तो अजिबात दबत नाही.

मराठीने हे फार आधी केलंय हेही सांगून टाकतो. १९८२ चा 'एक डाव भुताचा', अशोक सराफ भूत, दिलीप प्रभावळकर मास्तर, संवाद द. मा. मिरासदारांचे. तिथे भूत आणि माणूस शेजाऱ्यासारखे बोलतात. आबांना तो पाठ आहे. लाईट नसलेल्या त्या रात्री त्यांनी त्यातले प्रसंग ओटीवर करून दाखवले, भुताचे आणि मास्तरचे दोन्ही आवाज काढून. लेक त्यांच्या मांडीवर, मी पायरीवर, आणि डास सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बागेच्या कोपऱ्यातल्या दगडापाशी जाऊन आले. आबांनी नारळ ठेवला. लेकीने विचारलं, राखणदाराला चॉकलेट चालेल का. आबा म्हणाले, विडी जास्त आवडते, पण ठेव. तिने ठेवलं. दुपारपर्यंत मुंग्यांनी ते नेलं, पण तिला सांगितलेलं नाही.

आम्ही ठाण्याला परत आलो त्याला आता महिना होईल. तिचा अर्धा सिनेमा अजून राहिलाय. तिच्या हिशेबाने भूतनाथ अजून त्या बंगल्यातच आहे, जिन्यावर बसलेला. रोज विचारते, "बाबा, उरलेला कधी लावणार?" मी म्हणतो, उद्या लावतो.