अनारसे, अंतरपाट आणि आय-130

आमचं लग्न खरं आहे, याबद्दल पुण्यात कुणालाही शंका नाही. सोसायटीच्या वॉचमनला नाही, दूधवाल्याला नाही, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर मुळीच नाही. आमची भांडणं त्यांना खिडकीतून स्वच्छ ऐकू येतात आणि ती इंग्रजीत असली तरी कोण जिंकलं हे काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात बरोबर सांगतात. शंका आहे ती अमेरिकेच्या सरकारला.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. नुसतं कागदोपत्री लग्न लावून ग्रीन कार्ड पदरात पाडून घेणारे महाभाग जगात आहेतच. म्हणून नवरा अमेरिकन नागरिक असेल आणि बायकोला तिकडे कायमची न्यायची असेल, तर त्याने आधी आय-130 नावाचा अर्ज करायचा. अर्जाचा मथितार्थ एवढाच, की ही माझी बायको आहे. त्यानंतर ती खरोखरच आहे, याचे पुरावे जोडायचे. खरी मजा तिथून सुरू होते.

नवरा ओहायोचा. भांडारकर संस्थेत जुन्या पोथ्या वाचायला म्हणून पुण्यात आला. पोथ्या राहिल्या बाजूला आणि कोथरूडची सासुरवाडी गळ्यात पडली. मराठी पुस्तकांवरून शिकलाय. रिक्षावाल्याला तो "कृपया उजवीकडे वळावे" असं सांगतो आणि पुण्यातले रिक्षावाले चक्क वळतात. मी तेच सांगितलं तर "तिकडून नाही जाणार" म्हणतात.

तर पुरावे. दोघं एका घरात राहता हे दाखवा, असं पहिलंच मागणं. दोघांच्या नावाचा भाडेकरार चालतो, विजेचं बिल चालतं. आम्ही राहतो आईबाबांकडे. घर बाबांचं, लाइटबिल बाबांच्या नावाचं, गॅस आईच्या नावाचा. मी बाबांना म्हटलं, निदान भाडेकरार तरी करू. बाबांनी पेपर खाली ठेवला. "पोटच्या मुलीकडून भाडं घेऊ? आणि जावयाकडून डिपॉझिट?" विषय संपला. अमेरिकेच्या दृष्टीने आम्ही दोघं कुठेच राहत नव्हतो.

लग्नाचा दाखला मात्र भक्कम होता. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेली. त्यात लग्नाची नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते आणि 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. ज्या शहरात दुसऱ्याने आपल्या फाटकासमोर स्कूटर लावली तरी चार ओळींची पाटी लिहितात, तिथे आमच्या लग्नावर महिनाभरात एकानेही लेखी हरकत घेतली नाही. आत्याने घेतली, पण तोंडी. मग फेब्रुवारी 2023 मध्ये तीन साक्षीदारांसमोर सह्या झाल्या आणि आईच्या समाधानासाठी मंगल कार्यालयात साग्रसंगीत लग्नही झालं.

त्या लग्नाचे फोटो म्हणजे आमचा हुकमाचा एक्का, असं मला वाटत होतं. अर्जाला जोडायला म्हणून बघायला बसलो तेव्हा एकेक प्रकार लक्षात आला. मंगलाष्टकांचे सगळे फोटो झकास, पण मध्ये अंतरपाट. एका बाजूने काढलेल्या फोटोत फक्त मी, दुसऱ्या बाजूच्या फोटोत फक्त तो. अंतरपाट दूर झाला तो क्षण फोटोग्राफरने टिपलाय खरा, पण नेमकी तेव्हाच पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या. फोटोत तांदूळ आहेत, मुंडावळ्या आहेत, मामाचा हात आहे. वधूवर असावेत, असा अंदाज बांधता येतो. पंगतीच्या फोटोत आम्ही दोघं स्पष्ट दिसतो, पण तो जिलबी खातोय आणि मी तिसऱ्याच कुणाशी तरी बोलतेय. आमच्या लग्नाची खरी परिस्थिती हीच आहे. ती पुरावा म्हणून कशी द्यायची?

मग आम्हाला ओळखणाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. त्यात लिहिणाऱ्याने आपलं नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ द्यायचं आणि हे लग्न खरं आहे हे आपल्याला कसं ठाऊक, ते सविस्तर सांगायचं. सदाशिव पेठेतले मोठे काका बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं, हीच काय ती माझी हिंमत. ते ताबडतोब शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन आले. अमेरिकेला स्टॅम्प पेपर लागत नाही, असं मी म्हटलं. "म्हणूनच त्यांना प्रत्येकाची शंका येते," काका म्हणाले.

काकांनी कलमवार लिहिलं. पहिल्या सहा कलमांत आमची ओळख, लग्न, जेवणाखाण्याच्या सवयी, सगळं तपशीलवार. सातव्या कलमात होतं: "सदर इसम पत्नीने चहा दिल्यावर तिला 'थँक यू' म्हणतो. ही बाब दांपत्यजीवनाशी विसंगत वाटली. तथापि चौकशीअंती ती त्या देशाची रीत असल्याचे समजते."

"काका, हे कलम काढा ना."

"अर्धवट सत्यावर मी सही करत नाही. छत्तीस वर्षं केली नाही."

इंग्रजीत टाइप करून, नोटरीचा शिक्का मारून ते प्रतिज्ञापत्र सातव्या कलमासकट गेलं.

सगळ्यात मोठा पुरावा आईने उभा केला. 2023 साली अधिक श्रावण आला. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, म्हणजे जावयाला 33 अनारशांचं वाण. आईने तांदूळ भिजत घातले, रोज पाणी बदललं, तिसऱ्या दिवशी उपसून, कुटून, गूळ घालून पीठ मुरवलं. पहिला घाणा हसला, म्हणजे कढईतच विरघळला. आईचा चेहरा असा काही पडला, की बाबा बूट घालून फिरायलाच निघून गेले. दुसऱ्या घाण्याला मात्र जाळी पडली, खसखस छान चिकटली आणि मग थांबायचं नाव नाही. जावईबापू पाटावर बसले. सहा फूट दोन इंचांचा माणूस पाटावर बसला की गुडघे कानांशी येतात. कपाळाला टिळा, हातात अनारशांचं ताट, चेहऱ्यावर साक्षात परब्रह्म भेटल्याचा भाव. आम्ही दोघं, आईबाबा, शेजारच्या काकू, सगळे एका फोटोत आणि कुणीही तांदूळ उडवत नव्हतं. असा दुसरा फोटो आमच्याकडे नव्हता.

बाबांनी चष्मा लावून तो निरखला. "ताटाशेजारी चांदीचं निरांजन दिसतंय. वाणातलं. लग्नासाठी मुलाला काहीतरी दिलंय, असं नाही ना वाटणार त्यांना?" घरात शांतता पसरली. शेवटी निरांजन आईच्या पदराआड गेलेला फोटो निवडला आणि अर्ज रवाना झाला.

त्यानंतर बरेच महिने काही झालं नाही. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की मी रोज सकाळी दात घासायच्या आधी केस नंबर टाकून बघायचे आणि आई रोज विचारायची, "काय म्हणतंय अमेरिका?" अमेरिका काही म्हणत नव्हती.

आय-130 मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. हे सेंटर न्यू हॅम्पशायरमध्ये आहे. तिथे आधी 325 डॉलर आणि वर 120 डॉलर फी भरायची. यातले 120 आहेत ते आधारपत्राचे, म्हणजे आय-864 चे. बायको तिकडे येऊन सरकारच्या गळ्यात पडणार नाही, अशी हमी नवऱ्याने द्यायची आणि तिथल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के उत्पन्न दाखवायचं. नवऱ्याचा पगार पुण्यातल्या कंपनीचा. पुणं सोडलं की पगार संपला, त्यामुळे तो हिशेबात धरायचा नाही. मग दुसरा जामीनदार हवा. तो कोण? सासरे.

आमच्याकडे लग्नाआधी मुलीचा बाप आडून आडून मुलाच्या पगाराची चौकशी करतो. इथे लग्न होऊन वर्ष उलटल्यावर मी सासऱ्यांना व्हिडिओ कॉल करून त्यांची टॅक्सची कागदपत्रं मागत होते. सासरे ट्रॅक्टर दुरुस्त करतात आणि एका वेळी चारच्या वर शब्द बोलत नाहीत. त्यांनी आय-864 अथपासून इतिपर्यंत वाचला. तो साधा अर्ज नाही, करार आहे. सून नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर 40 तिमाह्यांचं, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत जबाबदारी जामीनदाराची. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही! नवरा सोडून गेला तरी सासरा सुटायचा नाही, अशी सोय आपल्या कुठल्याही शास्त्रात नाही. आईला हे कळलं तेव्हापासून अमेरिकेबद्दलचं तिचं मत एकदम सुधारलं.

सासरे बराच वेळ गप्प बसून शेवटी म्हणाले, "ती किती खाते?"

बाबा मागून ओरडले, "आमची मुलगी कमावती आहे म्हणावं!" सासऱ्यांनी सही केली. त्यांचं उत्पन्न आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे आणि बाबा त्याला मनातल्या मनात रुपयांनी गुणतात.

माझ्या वाट्याला डीएस-260 हा ऑनलाइन फॉर्म. वयाच्या सोळाव्या वर्षापासून राहिलात ते सगळे पत्ते द्या, म्हणे. सोळाव्या वर्षी आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. त्या वाड्याचा पत्ता म्हणजे "पत्र्या मारुतीजवळ, बोळात, आडाशेजारी". आता वाडा नाही, आड नाही. तिथे बिल्डिंग आहे आणि तिला बिल्डरच्या आईचं नाव आहे. पिनकोड तेवढा शाबूत. मारुती काही हलला नाही म्हणून निभावलं.

पुढची पानं सुरक्षेची. तुम्ही हेरगिरी करायला येताय का? वंशसंहारात कधी भाग घेतलाय का? लहान मुलांना सैन्यात भरती केलंय का? बहुपत्नीत्व आचरण्याचा इरादा आहे का? आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. प्रत्येक प्रश्नाचं मराठी करून सांग म्हणाली आणि प्रत्येकाला माझ्याआधी "छे छे, नाही" असं उत्तर देत गेली. हुकूमशाही पक्षाचे सभासद होता का, या प्रश्नाला मात्र तिने बाबांकडे बघून क्षणभर विचार केला. "सोसायटीची कमिटी धरतात का गं त्यात?"

जन्मदाखल्यावर माझं नावच नव्हतं, नुसतं "स्त्री" एवढंच. आमच्या पिढीत बारशाआधी नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कुणी फिरकायचं नाही. ते घालून घेतलं. पोलिसांच्या दाखल्यासाठी मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन आले. मग मुंबईत, अमेरिकेने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. छातीचा एक्स-रे, रक्त, लसी. लहानपणी कुठल्या लसी दिल्या याचा कागद नाही, म्हणून फोनवर आईची साक्ष. "गोवर झाला होता तिला, दिवाळीत. करंज्या खाता आल्या नव्हत्या." डॉक्टरांनी करंज्यांची नोंद घेतली नाही. लस टोचली.

अखेर 2025 च्या मार्चमध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत. नवरा आदल्या रात्री दादरला मामीकडे पाच वडापाव खाऊन पोट धरून पडला होता, त्यामुळे मी एकटीच. काखेत फाइल एवढी जाड, की तिला स्वतंत्र तिकीट काढायला हरकत नव्हती. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने उजवा हात वर करायला लावून शपथ घेतली. कुठे भेटलात? भांडारकर संस्थेच्या आवारात. नवरा काय करतो? सांगितलं. घरी स्वयंपाक कोण करतं?

"माझी आई."

तो काही बोलला नाही. पानं उलटत राहिला. काकांच्या प्रतिज्ञापत्रावर किंचित थांबला, ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला. सातवं कलम असावं. मग फोटो काढला. पाटावरचा.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, अनारसे. जावयाला देतात, 33, अधिक महिन्यात. का 33? आता हे काचेतून, मायक्रोफोनवर, इंग्रजीत. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, तो फरक साठत जातो, मग साधारण तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात, आणि तो जास्तीचा महिना... इथे त्याने हात वर केला. पुरे. माझ्यामागे रांग होती.

"दर तेहतीस महिन्यांनी नवऱ्याला हे मिळतं?"

"हो."

"आणि तो अमेरिकेत जायचं म्हणतोय?"

पासपोर्ट त्याने ठेवून घेतला. व्हिसा मंजूर.

यात एक गंमत अशी झाली, की लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं तर ग्रीन कार्ड दोन वर्षांपुरतं, सशर्त मिळतं आणि मुदत संपताना लग्न अजून खरं आहे याचे पुरावे पुन्हा द्यावे लागतात. आमचं प्रकरण इतकं रेंगाळलं, की फेब्रुवारीत दोन वर्षं पुरी झाली आणि सरळ दहा वर्षांचं कार्ड मिळणार. ज्या दिरंगाईला मी रोज सकाळी शिव्या घालत होते, तिनेच हा उपकार केला.

व्हिसाचं सगळं श्रेय आई अनारशांना देते. सोसायटीत तसं सांगूनही झालंय. पुढचा अधिक महिना 2026 साली, ज्येष्ठात, 17 मेपासून. तेव्हा जावई ओहायोत असणार, म्हणून ती आत्ताच दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्या एका कुरिअरवाल्याकडे चौकशी करून आली. त्याने वजन विचारलं, नग विचारले आणि म्हणाला, "काकू, भाव किलोवर आहे. डब्यात जागा उरतीय, चाळीस भरा की!"

आई आता दुसरा कुरिअरवाला शोधतेय.