लिटरली बोला, नाशिककर!

तुमच्या बोलण्यात अजून 'लिटरली' येत नसेल, तर कॉलेज रोडला कॉफी प्यायला जायची घाई करू नका. आधी घरी सराव करा. अर्थाची काळजी नको, हा शब्द कुठेही बसतो. 'लिटरली पाच मिनिटांत पोचतो', म्हणजे अजून आंघोळ व्हायचीय.

मूळ कोणी विचारलंच, तर सांगून टाका: लॅटिनमध्ये 'लिटेरा' म्हणजे अक्षर. लिटरली म्हणजे अक्षराला धरून, जसं लिहिलंय तसंच. थोडक्यात आपला 'अक्षरशः'. पण तो चुकूनही तोंडातून काढू नका, माणूस एकदम निवृत्त मुख्याध्यापक वाटतो. नेमक्या उलट्या अर्थाने वापरता म्हणून कोणी हटकलं, तर ऑक्सफर्डचा मोठा कोश पुढे करा. नुसता जोर द्यायला होणारा हा वापर त्यांनी २०११ मध्ये नोंदवून घेतला आणि सर्वांत जुना दाखला दिला १७६९चा. म्हणजे इकडे थोरले माधवराव पेशवे होते, तेव्हापासून तिकडे हे चाललंय. (आपणही 'अक्षरशः वेड लागलं' म्हणत शहाण्यासारखे हिंडतोच. पण ते मराठीत, म्हणून शुद्ध.)

नमुना हवा तर परवाचा घ्या. मिसळीच्या टेबलावर शेजारच्या मुलीने तर्रीचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मी लिटरली मेले." वाढपी रश्शाची बादली घेऊन शांतपणे उभा. "ताई, अजून देऊ?" ताईंनी मरणोत्तर दोन वाट्या रस्सा आणि एक पापड घेतला. इतकी सहजता यायला हवी.

नाशकात मात्र एक अडचण आहे. इथे गोष्टी खरोखरच घडून गेल्यात. 'चारचौघांत माझं लिटरली नाक कापलं' हे पुण्यात खपेल. आमच्या पंचवटीत ते लक्ष्मणाने शूर्पणखेचं कापलं आणि गावाचं नावही त्या नाकावरूनच पडलं, असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. तेव्हा म्हणण्याआधी एकदा चाचपून घ्या.

पाण्याचंही तसंच. गोदावरीला पूर आला की आम्हाला क्युसेक कळत नाहीत. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, एवढंच आम्ही विचारतो. आता हे ठाऊक असूनही जुलैतल्या एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, बॅग फेकली आणि म्हणालो, "आई, कामाचं लिटरली गळ्यापर्यंत आलंय."

आतून कुकरच्या शिट्टीत तिला निम्मंच ऐकू गेलं असावं.

"गळ्यापर्यंत? मारुतीच्या? अगं बाई, मग भांडीबाजारात शिरलं असेल की!" म्हणत तिने ओल्या हातानेच मावशीला फोन लावला.