पोट फुगलं म्हणजे ‘सिबो’ नव्हे

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय: “जेवल्यावर पोट फुगतं? लहान आतड्यात जंतू वाढलेत, त्याला ‘सिबो’ म्हणतात. श्वासाची चाचणी पॉझिटिव्ह आली की शंभर टक्के निदान. रिफॅक्सिमिनचा कोर्स घ्या.” ‘सिबो’चा अर्थ तेवढा बरोबर आहे; बाकी यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

पोट फुगण्याची कारणं ढीगभर आहेत. दूध न पचणं, बद्धकोष्ठता, जिआर्डिया नावाच्या परजीवीचा संसर्ग. अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक खाऊन वायू झाला तर तो आजारच नव्हे. सिबोचा संशय घ्यायचा तो जुना मधुमेह, आतड्याचं ऑपरेशन, स्क्लेरोडर्मा (त्वचा आणि आतडी कडक करणारा आजार) किंवा क्षयाने आतडं अरुंद झाल्याची पार्श्वभूमी असेल तेव्हा. त्यात वजन घटत असेल, बी१२ जीवनसत्त्व कमी असेल तर जास्तच.

आता ‘शंभर टक्के’. चाचणीत ग्लुकोज किंवा लॅक्ट्युलोज ही साखर पाजून ठरावीक वेळाने श्वासातला वायू मोजतात. ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन मूळ पातळीपेक्षा २० पीपीएमने (दहा लाख भागांत २० भाग) वाढला की पॉझिटिव्ह. पण लॅक्ट्युलोज पचत नाही, ते पुढे सरकतं आणि काहींच्या मोठ्या आतड्यात ९० मिनिटांपूर्वीच पोहोचतं. तिथे जंतू असायलाच हवेत, ते वायू करणारच! म्हणजे धडधाकट माणूसही पॉझिटिव्ह येऊ शकतो. ग्लुकोजचं उलटं: ते सुरुवातीलाच शोषलं जातं, त्यामुळे आतड्याच्या शेवटच्या भागातली वाढ निसटते.

रिफॅक्सिमिन या अँटिबायोटिकला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१५ मध्ये मान्यता दिली ती जुलाबाच्या आयबीएससाठी (आतड्याचा इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), सिबोसाठी नव्हे. गोळीने बरं वाटलं म्हणून निदान सिद्ध होत नाही, आणि मूळ कारण तसंच राहिलं तर त्रास परततो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या मजकुरामुळे वाया जाणाऱ्या वेळेची. पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगू लागलं, तर अंडाशयाचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहायचं. शौचातून रक्त, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब असतील तर घरी थांबू नका. आपल्या आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन, साखर, शौचाची तपासणी होते. तिथल्या डॉक्टरांना रोजच्या सगळ्या गोळ्या दाखवा, विशेषतः वर्षानुवर्षं चाललेली आम्लपित्ताची. दोन आठवडे दूध बंद करून पाहा. एवढं करूनही उलगडा झाला नाही, तर ते बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवतील.

ज्यांनी कोर्स आधीच सुरू केलाय, त्यांनी गोळीचं नाव आणि तारीख लिहून ठेवावी. अँटिबायोटिकनंतर चार आठवडे श्वासाच्या चाचणीवर विसंबता येत नाही.